फाटक उघडं ठेवा, साहेब

माननीय गटशिक्षणाधिकारी साहेब,
आणि तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांमधल्या बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. निवृत्त होताना ठरवलं होतं की आता शाळेच्या कारभारात पडायचं नाही, नव्या माणसांना त्यांच्या पद्धतीनं काम करू द्यायचं. सहा वर्षं ते पाळलं. मागच्या पंधरवड्यात मात्र शाळेच्या फाटकापाशी जे पाहिलं, त्यानंतर गप्प राहणं जमेना.

आमच्या गावची शाळा साडेदहाला भरते. त्या दिवशी पावणेअकरा होत आले होते आणि मी रस्त्यानं चालले होते. फाटकाला आतून कडी होती. बाहेर तिसरीतली एक मुलगी आणि तिचा पहिलीतला भाऊ उभे होते. आत परिपाठ चालू होता आणि मुलं प्रतिज्ञा म्हणत होती. बाहेरच्या या दोघांनीही उजवा हात समोर धरला होता आणि आतल्या मुलांबरोबर ती प्रतिज्ञा म्हणत होती. धाकट्याचा हात मध्येच खाली यायचा, की बहीण तो पुन्हा वर करायची. प्रतिज्ञा संपली, मुलं ओळीनं वर्गात गेली आणि ही दोघं पाठीवरची दप्तरं सावरत घराकडे वळली.

मी थांबवून विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाई, उशीर झाला की आता घरीच जायचं असतं."

ते "असतं" माझ्या डोक्यातून जात नाही. आठ वर्षांच्या मुलीनं तो नियम म्हणून स्वीकारला होता.

संध्याकाळी तिथले एक शिक्षक माझ्याकडे आले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना स्वतःलाच ते खुपत होतं. त्यांनी मला आपल्या कार्यालयाकडून आलेल्या सूचना दाखवल्या. शाळा भरल्यावर दहा मिनिटांनी फाटक बंद करावं. त्यानंतर आलेल्या मुलाची गैरहजेरी मांडावी. सतत गैरहजर आणि उशिरा येणाऱ्यांची नावं दर्शनी फलकावर लिहावीत. महिनाभर शंभर टक्के हजर असणाऱ्यांचा परिपाठात सत्कार करावा. ज्या शाळेची सरासरी हजेरी घसरेल तिच्या मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा द्यावा. तालुक्यातल्या एक-दोन समित्यांनी यापुढे जाऊन, उशिरा आलेल्या मुलाच्या पालकाकडून दंड घ्यायचा ठरावही केल्याचं कानावर आलं.

साहेब, आपला हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुलं रोज यावीत, वेळेवर यावीत, यासाठीच माझंही आयुष्य गेलं. उशिरानं काय बुडतं हे पहिलीच्या बाईपेक्षा कोणाला जास्त कळणार? माझ्या वर्गात नवं अक्षर नेहमी पहिल्या तासाला असायचं, कारण मुलं तेव्हा ताजी असतात. जवळपास सगळ्याच शाळांत पहिला तास भाषेचा नाही तर गणिताचा असतो. त्यामुळे रोज उशिरा येणाऱ्या मुलाचं सगळ्या विषयांचं थोडंथोडं बुडत नाही. त्याचं रोज एकच बुडतं, वाचन तरी नाही तर हिशेब तरी. चित्रकला, खेळ, गाणी त्याला पूर्ण मिळतात. मग चौथीत गेल्यावर आपण म्हणतो, "हुशार आहे हो, पण वाचताच येत नाही." तेव्हा वक्तशीरपणा ही किरकोळ गोष्ट आहे असा माझ्या पत्राचा अर्थ कोणी काढू नये. वेळेवर येण्याला मोल आहे म्हणूनच मी लिहिते आहे.

आधी आपण शाळेत शिकवतो तसा साधा हिशेब मांडते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरायला हवी. म्हणजे दिवसाला चार तास. आठवड्याला सहा दिवस धरले तर साधारण तेहतीस आठवडे झाले. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं उशिरा येणारं मूल वर्षभरात साडेपाच तास गमावतं. फाटक बंद ठेवलंत, तर तेच मूल तेहतीस दिवस गमावतं. साडेपाच तासांचं नुकसान आपल्या सूचनेनं एकशे बत्तीस तासांचं होतं.

आणि हे नुकसान इथेच थांबत नाही. आता मी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मीही उशिरा आलेल्या मुलांना दाराशी अंगठे धरून उभं करायची. तेव्हा ती रीतच होती, पण म्हणून ती बरोबर ठरत नाही. वर्गात एक मुलगा होता, कधी पाच मिनिटं उशिरा यायचा, कधी दहा. काही दिवसांनी तो थेट मधल्या सुट्टीत यायला लागला. मला वाटलं, आळशी आहे, घरच्यांचं लक्ष नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की तो घरून वेळेच्या आसपासच निघायचा. घंटा झाल्याचं कानावर आलं की देवळामागे जाऊन बसायचा आणि मधल्या सुट्टीच्या गर्दीत मिसळून आत यायचा, कारण त्या गर्दीत कोणी अंगठे धरायला लावत नव्हतं. दोन तास तो एकटा दप्तर घेऊन बसायचा. माझ्या शिक्षेनं त्याला शिकवलं होतं की थोडा उशीर झाला तर जास्त उशीर करावा.

त्यानंतर मी कोणाला दाराशी उभं केलं नाही. पण तो मुलगा अक्षरांत कायमचा मागे राहिला आणि त्याला मी कारण आहे. आज तेच तुमच्या फाटकापाशी, तालुकाभर, हुकमानं होतं आहे. म्हणून हे पत्र.

माझी पहिली तक्रार कायद्याबद्दल आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलावर वेळेची सक्ती कुठेही टाकलेली नाही. कलम ९ म्हणतं की प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं यांची खात्री करणं आणि त्यावर देखरेख ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे गावाकडे जिल्हा परिषद, म्हणजे पर्यायानं आपलं कार्यालय. ज्याच्यावर हजेरीची जबाबदारी आहे त्यानंच आलेलं मूल परत पाठवायचं, हे कसं? कलम १७ शारीरिक शिक्षेला जशी मनाई करतं तशीच मानसिक छळालाही करतं. सातव्या वर्षी आपलं नाव फलकावर "सतत उशिरा येणारे" या मथळ्याखाली वाचायला लागणं, आणि तेही वाचता येत नसेल तर दुसऱ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवणं, याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. त्याच कायद्यात नियमितपणा आणि वक्तशीरपणा हे शब्द आहेत, पण ते कलम २४ मध्ये, शिक्षकांच्या कर्तव्यांत आहेत. पालकांना भेटून मुलाच्या हजेरीची, प्रगतीची माहिती द्यावी, हेही तिथेच आहे. कायदा करणाऱ्यांना कळत होतं की घड्याळ मोठ्यांच्या हातात असतं.

दुसरी तक्रार अशी की उशीर का होतो हे कोणी विचारलेलंच नाही. त्या दोन भावंडांच्या घरी मी गेले. आई मजुरांच्या गाडीनं सातच्या आत वेचणीला जाते. वडील बाहेरगावी कामाला असतात. मागे राहते ती आठ वर्षांची मुलगी. ती पाणी भरते, भावाला अंघोळ घालते, त्याचं बटण लावते, त्याचं सापडत नसलेलं पाटीचं फडकं शोधते आणि त्याला हाताला धरून आणते. घरातलं घड्याळ बंद आहे, मोबाईल आईबरोबर जातो. दुरून घंटा ऐकू आली की तिला वेळ कळते, आणि तेव्हा उशीर झालेलाच असतो. ही मुलगी शाळेत येते याचंच मला अप्रूप वाटलं. तालुक्यात सगळ्यात जास्त कष्ट करून शाळेत येणाऱ्या मुलांत तिचं नाव लागेल, आणि ते आज फलकावर आहे.

सगळीच कारणं अशी असतात असं नाही. काही घरांत खरंच बेफिकिरी असते. "एका दिवसानं काय होतंय" म्हणून लग्नाला चार दिवस, जत्रेला तीन दिवस, मामाकडे दोन दिवस मुलाला नेणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी वादही घातले आहेत. त्या पालकांना बोलायलाच हवं. पण त्यासाठी आधी कळायला हवं की कुठल्या घरात बेफिकिरी आहे आणि कुठल्या घरात आठ वर्षांची पोर संसार सांभाळते आहे. बंद फाटक दोघांना एकच वागणूक देतं. बेफिकीर पालकाला त्यानं काही फरक पडत नाही, कारण त्याचं मूल बाहेर उभं आहे हे बघायला तो तिथे नसतो.

तिसरी गोष्ट सरासरीची. मुख्याध्यापकांकडून आपण सरासरीचा खुलासा मागता. तीस मुलांच्या वर्गात नव्वद टक्के हजेरी म्हणजे रोज सत्तावीस मुलं. कधी ताप, कधी पाहुणे, अशा कारणांनी रोज वेगवेगळी तीन मुलं घरी राहिली तर फारशी काळजी नाही. पण तीच ती तीन मुलं महिनोनमहिने आली नाहीत तरी कागदावर नव्वदच दिसतात, आणि कार्यालय समाधानी असतं. मी वर्गावर असताना हजेरीपत्रक आडवं वाचायचे. खालची बेरीज वरच्या कार्यालयासाठी असते. बाईंसाठी एकेका नावापुढची ओळ असते. २०० दिवसांत वीस खाडे म्हणजे महिन्याला जेमतेम दोन, ते कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत, आणि मूल वर्षाचा दहावा हिस्सा गमावून बसलेलं असतं. सोमवारी सोमवारी खाडा असेल तर त्याचं एक कारण असतं, बाजाराच्या दिवशी असेल तर दुसरं, आणि गणिताच्या चाचणीला असेल तर तिसरं. ही ओळ वाचणं हेच हजेरी वाढवण्याचं निम्मं काम आहे. खुलाशाच्या धाकानं मात्र भलतंच घडतं. शिक्षक हजेरी फुगवून मांडतात. ते मी पाहिलेलं आहे, आपणही पाहिलेलं असेल.

सत्काराबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागेल, कारण मुलांचं कौतुक मलाही आवडतं. पण शंभर टक्के हजेरीचा सत्कार नेमका कोणाचा होतो? ज्याला महिनाभर ताप आला नाही त्याचा. ज्याच्या घरी कोणी आजारी पडलं नाही, ज्याचे आईवडील कामासाठी बाहेर गेले नाहीत, त्याचा. पहिल्या आठवड्यात एक खाडा झालेल्या मुलाला उरलेला महिनाभर मिळवण्यासारखं काही राहत नाही. आणि गोवर-कांजिण्या अंगावर असताना प्रमाणपत्रासाठी शाळेत आलेलं मूल मी स्वतः परत घरी नेऊन सोडलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सहावी ते बारावीच्या १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. आधीच्या एखाद्या महिन्यात पूर्ण हजेरी लावल्याबद्दल काहींना प्रशस्तिपत्रं दिली. पुढच्या महिन्यात त्यांची हजेरी वाढायच्या ऐवजी किंचित घटली. आपण अपेक्षेपेक्षा जास्तच केलं, एवढ्याची गरज नव्हती, असा अर्थ मुलांनी काढला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. ती मुलं मोठी होती आणि देश वेगळा, तरी मला ते पटतं. रोज येणं ही कौतुकाची अपवादात्मक गोष्ट ठरली की न येणं आपोआप साधं ठरतं.

दंडाचं तर विचारूच नका. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड उठवल्यावरही तो खाली आला नाही. आधी ताईंना थांबावं लागतं याची पालकांना भीड वाटायची, आता पैसे भरले की भीड संपली. आपल्याकडे तर दंड देता येत नाही म्हणून मूल घरीच ठेवलं जाईल. दंडाचा ठराव केलेल्या समित्यांमधल्या भगिनींना मी हात जोडून विचारते. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायद्यानं सांगितलं ते कशासाठी? वेचणीला जाणारी आई त्या बैठकीत होती का?

सक्तीचा इतिहास आपल्याकडेही आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळी १ रुपया ही मोठी रक्कम होती. पण तो दंड पालकाला होता, मूल न पाठवण्याबद्दल होता, आणि त्याच्या बरोबरीनं संस्थान गावोगाव शाळा काढत होतं. शाळेच्या दाराशी आलेल्या मुलाला माघारी धाडण्याची कल्पना त्यात नव्हती.

पुढे १९९२ पासून राज्यात पहिली ते चौथीच्या गरीब, मागास घटकांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता आला. हजर राहिल्याबद्दल रोज १ रुपया. त्याच्या याद्या मी वर्षानुवर्षं केल्या आहेत. सुरुवातीला त्या रुपयाला घरात किंमत होती. मी निवृत्त होईपर्यंत तो रुपयाच राहिला, आणि वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये मिळवायला जी कागदपत्रं लागायची त्यासाठी बापाची एका दिवसाची मजुरी बुडायची. कधीकधी पैसे यायचे तेव्हा मुलगी माझी शाळा सोडून गेलेली असायची.

शाळेतल्या दुपारच्या आहाराचा अनुभव याच्या उलट. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. पिशवीच्या दिवशी शाळा भरलेली असायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि अट संपली. जो आज आला त्याला आज जेवण. काल का आला नाहीस, असं खिचडी विचारत नाही. माझ्या वर्गात तेव्हा जो फरक पडला तो महिन्याच्या धान्यानं कधी पडला नव्हता. हजेरीला बळ द्यायचं असेल तर ते असं रोजचं आणि बिनशर्त हवं. लहान मुलाला महिन्याच्या शेवटचं काही दिसत नाही. त्याला आजचं दिसतं.

आता शिक्षकांबद्दल. मुलांच्या घड्याळाकडे बोट दाखवण्याआधी मोठ्यांचं घड्याळ बघू. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला नाही तर माहिती भरायला गेला की दुसरा चार वर्ग सांभाळतो. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही, पण प्रत्यक्षात "दुपारपर्यंत माहिती पाठवा" असे निरोप पहिल्याच तासाला येतात. मूल धावतपळत वेळेवर आलं आणि गुरुजी खुर्चीत मोबाईलवर तक्ते भरताना दिसले, असं चार दिवस झालं की पाचव्या दिवशी ते कशाला धावेल? आणि ज्या काही ठिकाणी शिक्षकच अकराला पोचतात, तिथे फाटकाची कडी कोण लावतं, हे आपण एकदा न सांगता जाऊन बघावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं दुखणं यापेक्षा मोठं आहे आणि ते या पत्रात मावणार नाही. एवढंच सांगते की ती घरं दिवाळीच्या आसपास निघतात. अशा मुलांना मागे गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर आली तर काहीच उपयोग नसतो, मूल तोवर फडात पोचलेलं असतं. या मुलांची नावं फलकावर "सतत गैरहजर" म्हणून लिहिण्यात कोणाचं काय साधतं?

वेळ बदलता येते, हे सरकारनंच मान्य केलं आहे. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ ला निघाला. मुलासाठी घड्याळ हलवता येतं, तर कडी उघडी ठेवायला कोणती अडचण आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फाटक बंद करण्याची आणि उशिरा आलेल्याला गैरहजर मांडण्याची सूचना लेखी मागे घ्यावी. लेखी यासाठी म्हणते की तोंडी मागे घेतलेली सूचना शाळेपर्यंत पोचत नाही. मूल कितीही वाजता आलं तरी त्याला आत घ्यावं आणि पहिलं वाक्य "आलास, बरं झालं" हे असावं. का उशीर झाला हे नंतर, एकट्याला, हळू आवाजात विचारावं.

फलकावरची नावं आजच पुसावीत.

प्रत्येक वर्गात उशिराची एक साधी वही असावी. नाव, वेळ, कारण. ती कार्यालयाला पाठवू नये, नाहीतर तिचाही तक्ता होईल. महिन्यातून एकदा ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी, मुलांची नावं न वाचता फक्त कारणं वाचावीत, आणि त्यातलं कोणतं कारण गाव दूर करू शकतं ते ठरवावं. पाण्याची वेळ बदलता येते. वस्तीवरच्या मुलांना एकत्र आणायला मोठी मुलं नेमता येतात. शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं एक इशाऱ्याची घंटा देता येते. माझ्या एका शाळेत ती होती, आणि ज्या घरांत घड्याळ नव्हतं त्या घरांची मुलं तिच्यावर तयार व्हायची. घंटेला पैसे लागत नाहीत.

लागोपाठ तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी शिक्षकानं जावं, आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा. मी जायची तेव्हा निम्म्या वेळा दारातच कळायचं. कधी आजी आजारी असायची, कधी चप्पल तुटलेली असायची, कधी वर्गातल्या कोणीतरी चिडवलेलं असायचं. मूल दाराआडून बघायचं की बाई खरंच आपल्यासाठी आल्यात, आणि दुसऱ्या दिवशी यायचं.

पहिल्या तासाला कार्यालयानं शिक्षकांकडे कोणतीही माहिती मागू नये. तो तास फक्त शिकवण्याचा असावा.

मुख्याध्यापकांकडून सरासरीचा खुलासा मागण्याऐवजी, वीस दिवसांहून जास्त खाडे झालेल्या एकेका मुलासाठी शाळेनं काय केलं आणि कार्यालयाकडून काय मदत हवी, हे विचारावं. मदत मागणाऱ्या शाळेला नोटीस देऊ नये. हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव दिवाळीआधी मंजूर व्हावेत. उपस्थिती भत्त्याची रक्कम वाढवावी आणि तो त्या त्या महिन्यात मिळावा, अशी शिफारस आपण वर पाठवावी. तो निर्णय आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे, शिफारस मात्र आहे.

दंडाचे ठराव ज्या समित्यांनी केले त्यांनी पुढच्या बैठकीत ते रद्द करावेत. ती बैठक संध्याकाळी, आया कामावरून परतल्यावर ठेवावी.

त्या मुलीच्या घरी मी एक जुनं गजराचं घड्याळ नेऊन दिलं आहे आणि तिला घड्याळ वाचायला शिकवते आहे. काटा कुठे आला की भावाची अंघोळ झालेली हवी, हे तिला आता कळतं. गेल्या आठवड्यात चार दिवस दोघं वेळेत पोचली. पाचव्या दिवशी पाणी उशिरा आलं, ती अकराला दहा मिनिटं असताना फाटकापाशी पोचली आणि कडी लागलेली होती.

येत्या सोमवारी साडेदहाला मी शाळेच्या फाटकापाशी असेन. आपणही यावं अशी विनंती आहे. आपण तिला भेटावं आणि उशीर का झाला ते तिच्याच तोंडून ऐकावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका